ओव्हनपाशी बसलेली आई

ऑक्टोबर २०२०. आयर्लंडमधल्या एनिसच्या सुपरमार्केटबाहेरची रांग. माझ्या पुढे दोघी मराठी, मधे दोन मीटरचं अंतर, त्यामुळे मास्कमधूनही बोलणं मोठ्याने चाललेलं.

"शुभदाताई, काल आईने चिकन केलं."

"कोणाच्या आईने?"

"माझ्या! विमानं बंद झाल्यापासून इथेच अडकलीये ना ती."

"काहीतरीच काय, स्वरांगी! त्या तर अंड्याची भांडीसुद्धा वेगळी ठेवतात."

"तेच तर! मी चिकन फ्रिजमधून काढून ठेवलं आणि ऑफिसच्या कॉलमध्ये अडकले. बाहेर येऊन बघते तर चिकन, बटाटे, गाजर, सगळं एकाच ट्रेमध्ये, ओव्हनमध्ये. वरून गोडा मसाला!"

"अगं बाई! चिकनला हात लावला त्यांनी?"

"माझे ग्लव्ह्ज घालून. म्हणाली, मुलं भुकेली होती, मी काय नुसती बघत बसू?"

"पण चिकन शिजायला लागलं की त्या आपल्या खोलीचं दार लावून उदबत्ती लावतात म्हणालीस ना? वासाने मळमळतं म्हणून?"

"काल ओव्हनपाशीच बसून होती. म्हणे, इतकी वर्षं उगाच घाबरले, याला तर वासच नाही."

"वासच नाही?"

"अजिबात नाही म्हणाली. आम्हाला मात्र चव एकदम ग्रँड लागली हं."

"स्वरांगी, कोविड वॉर्डात मी रोज हेच ऐकते गं. त्यांना दुसऱ्या कशाचा तरी वास येतोय का?"

रांग पुढे सरकली. त्या दोघी जागच्या हलल्या नाहीत.

"ताई, सकाळी देवापाशी म्हणत होती, तुमच्या इथल्या उदबत्त्याही बिनवासाच्याच."