गोळीतला डावा

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक माननीय चंद्रप्रकाश कर्णिकसाहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आयरीन मिस्किटाबाई. त्यांच्या शेजारी संकोचून बसलेले त्यांचे यजमान मॅथ्यूभाऊ. आणि कँटीनची टेबलं भिंतीला सारून दाटीवाटीने बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

पॅकिंग खात्याच्या वतीने बोलायला मला, धोंडू पाटकरला, उभं केलं आहे. सुरुवात माझ्या घरापासून करतो.

गेल्या पौषातल्या एका सकाळी मी पूजेला बसलो. देवांना ताम्हणात घेऊन आंघोळ घातली आणि पुसायचं राहूनच गेलं. हातात वस्त्र धरून नुसता बसून राहिलो. शेवटी आमची कुंदा बाहेर आली. म्हणाली, "अहो, थंडीचे दिवस आहेत. देवांना सर्दी व्हायची वाट बघताय काय?" एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मला रडू आलं, आणि का आलं ते कळेना.

तुम्ही म्हणाल, निरोप बाईंचा, आणि हे गृहस्थ आपल्या देवांची सर्दी कुठे काढून बसले? साहेब, जरा धीर धरा. चहा अजून उकळतोच आहे.

बाईंचं आणि माझं रोज सकाळी भांडण असतं, हे साकीनाक्यापर्यंत ऐकू जातं. त्यांच्याकडून गोळ्या तपासून यायला उशीर होतो आणि माझी माणसं रिकामी बसतात. त्या दिवशी मी गप्प. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "धोंडू, आज भांडला नाहीस रे? बरा आहेस ना?" पुढचे काही दिवसही मी भांडलो नाही, तेव्हा त्यांनी मला डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गोळी लिहून दिली. कुठली? आपलीच! उदासीवरची.

बंधुभगिनींनो, ही गोळी साऱ्या मुलखाने घ्यावी म्हणून आपण खोकीच्या खोकी भरतो. पण आपल्यापैकी कुणी घ्यावी? छे! मी मनाला सांगितलं, नामस्मरण आहे की.

बाई रोज विचारायच्या, "गोळी घेतलीस?"

"बघतो."

"बघतोस काय? सिनेमा आहे का तो?"

एकदा टाळायचं म्हणून विचारलं, "बाई, आधी सांगा, तिच्यात असतं काय?" तिथेच चुकलं. बाईंना असा प्रश्न कधी विचारू नये.

त्यांनी माझे दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावले. "हे सारखे आहेत ना? आता एकावर एक ठेव. अंगठे उलट्या बाजूंना गेले की नाही? आपल्या औषधाच्या रेणूंचं तसंच. घटक तेच, जोडणी तीच, पण अर्धे डावे, अर्धे उजवे. चिंचेतलं आम्ल देवाने एकाच हाताचं केलं. आपण कारखान्यात बनवायला गेलो की दोन्ही हातांचे होतात."

मग त्यांनी मला त्या लांब नळीच्या यंत्राला डोळा लावायला सांगितलं. साखरेच्या पाण्यातून गेलेला प्रकाश उजवीकडे वळला. त्याच चिंचेच्या आम्लाच्या मदतीने बाईंनी आपल्या औषधातला डावा रेणू वेगळा काढला होता, त्याने प्रकाश डावीकडे वळवला. आणि आपलं औषध जसंच्या तसं ठेवलं, तर प्रकाश जागचा हलेना. एक इकडे ओढतो, दुसरा तिकडे. मला आपली युनियन आणि व्यवस्थापन आठवलं. साहेब, रागावू नका.

विचारलं, "मग उदासी घालवतो कोण?"

"आपल्या गोळीत? डावा."

"आणि उजवा?"

"तो झोप आणतो आणि तोंड कोरडं करतो."

आता बघा, मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. तीर्थ घेतलं ते उजव्या हातावर, प्रसाद घेतला तो उजव्या हातात. याच कँटीनमधल्या सत्यनारायणाला बाई सवयीने डावा हात पुढे करतात, आणि हात बदलेपर्यंत मी प्रसाद हवेत धरून ठेवतो. तेव्हा हात जोडून म्हणालो, "बाई, माझ्यापुरता नुसता उजवा काढून द्या."

"नुसता उजवा घेतलास तर झोपशील, आणि स्वप्नातही रडशील."

"पण डावं पोटात घालायचं म्हणजे..."

बाई मरोळच्या असल्या तरी त्यांचं आजोळ वर्सोव्याचं, किनाऱ्यावरचं. त्यांनी विचारलं, "तुझ्या देव्हाऱ्यात शंख आहे ना? उजवा की डावा?"

मी सापडलो. उजवा शंख लाखात एखादा, तो श्रीमंताघरी. आमचा साधा, वामावर्ती.

"डावा," मी म्हणालो.

"त्यातलं पाणी रोज बाळकृष्णावर घालतोस?"

"घालतो."

"तो रागावला कधी?"

"नाही."

"मग तू कोण रे मोठा लागून गेलास?"

मी हसलो. पौषानंतर पहिल्यांदा हसलो, आणि इतका हसलो की बाईंनी हातातली काचेची नळी बाजूला ठेवली.

तरी दुसऱ्या दिवशी एकादशी आडवी आली. "उपासाला चालेल का?" "साबुदाण्यापेक्षा हलकी आहे. आणि ऐक, माझ्या निरोपाला भाषण तू करणार आहेस ना? गुण यायला काही आठवडे लागतात. आत्ताच सुरू कर. रडकं भाषण मी ऐकून घेणार नाही."

बाईंच्या मनात नुसत्या डाव्या रेणूची गोळी करायची होती. खर्च परवडेना म्हणून ते काम थांबलं. वेगळ्या काढलेल्या डाव्या रेणूची त्यांची छोटी बाटली अजून प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. पुढे कुणाला तरी ते काम पुरं करायची बुद्धी होवो, एवढं मी देवाकडे मागतो.

बाई, तुमच्या आणि माझ्या परमेश्वराने मिळून तुम्हा दोघांना निरोगी दीर्घायुष्य द्यावं. अध्यक्षांनी इतका वेळ बोलू दिलं, तुम्ही ऐकलंत, सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर गावाकडचा माणूस म्हणून पोटात घाला.

आता बसण्यापूर्वी एकच. त्या एकादशीपासून मी गोळी घेतो आहे. कुंदाला ठाऊक आहे. खात्यात मात्र लपवत होतो. म्हटलं, माणसं म्हणतील पाटकरचं डोकं फिरलं. परवा जेवणाच्या सुट्टीत आपल्यातल्याच एकाला मी जिन्याखाली उभं राहून हीच गोळी चोरून गिळताना पाहिलं. नाव सांगणार नाही. पण तेव्हाच ठरवलं की निदान मी तरी आपलं सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगायचं.

सांगितलं.