भादुडीबाबूंच्या पायरीवरची साळुंकी

देवाशपथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि तरी संशय माझ्यावरच! मंगळवारची गोष्ट, मी ऑफिसातून दमून येतोय... म्हणजे गेलोच नव्हतो, रजा होती, पण बाकी सगळं खरं. बालीगंजला आमचे घरमालक भादुडीबाबू खाली, आम्ही वर. आणि त्यांच्या दाराच्या ऐन पायरीवर साळुंकीचं पिल्लू! पिसं फुटलेली, शेपटी आखूड, चोच पिवळीजर्द, आणि नजर? आमच्या ऑडिटच्या साहेबांसारखी! आता मला सांगा, अख्खं कलकत्ता सोडून हे ह्याच पायरीवर, आणि आजच? मला तेव्हाच संशय आला!

कारण त्या दिवशी चार वाजता बजबजहून पाहुणे येणार होते, भादुडीबाबूंच्या श्यामलाला बघायला. आणि तुम्हाला सांगतो, बंगाल्यांत एकटी साळुंकी, त्यांची शालिक, दिसली की अपशकुन, जोडी दिसली की शुभ! त्यात पोरीला आधीच दोन नकार आलेले. भादुडीबाबू धोतराचा सोगा सावरत बाहेर आले, पिल्लू पाहिलं आणि मटकन खालीच बसले. "सर्बोनाश! एक शालिक! मोशाय, ये तुम रखा! उस दिन नल का झगडा हुआ, उसका बदला लिया!"

मी? बदला? अहो, नळावरून मी भांडलो ते खरं, पण पक्षी आणून ठेवण्याइतका मी... जाऊ दे. मी म्हटलं, "बाबू, ये किसी दुश्मन का काम है!" आणि वरच्या गच्चीकडे असं बघितलं की ते पण बघायला लागले. दाराच्या फटीतून श्यामलाचा एक डोळा दिसत होता, तो भरलेला. तिकडे बघवेना हो.

"फेंक दो दीवार के उधर!" भादुडीबाबू ओरडले. दीवार के उधर कोण? बोका! मिशा पुसत बसलेला! त्याला कुणी कळवलं? मला तेव्हाच संशय आला!

मी छत्री उघडून पिल्लावर धरली, दुसऱ्या हातात दुधात भिजवलेली पोळी. पिल्लू तोंड फिरवतंय. तेवढ्यात जिन्यातून आमची कालिंदी. "अहो, पोळी कसली कोंबताय? चिमणीएवढा घसा त्याचा! घरट्यातून पडलेलं नाही ते, उडायला शिकतंय. आईबाप इथंच बसलेत कुठंतरी, तुमची छत्री बघून जवळ येत नाहीत. व्हा बाजूला! बाबू, आप भी अंदर जाइए. वो बिल्ली को भगाइए, बस!"

गेलो. सगळे आत, खिडकीच्या गजांना नाकं लावून. पावणेचार. काही नाही. चारला पाच कमी. काही नाही! भादुडीबाबू माझ्याकडे असे बघतायत की ह्या महिन्यात खोली गेलीच. आणि फाटक वाजलं! मुलाचे काका, छडी, चादर, पायरीकडे बघून जागच्या जागी थिजलेले...

तेवढ्यात जास्वंदीतून एक साळुंकी खाली उतरली, चोचीत अळी! पिल्लू टुणकन उडी मारून अळीमागं, ती पुढं, हे मागं, दोघं गेली झुडपात. लगेच ती परत पायरीवर, शेजारी तिचा नवरा, आणि दोघांनी मिळून त्या बोक्याला ज्या शिव्या घातल्या म्हणता! काकांनी छडी बगलेत मारली, कपाळाला दोन्ही हात जोडले. "जोडा शालिक!" लग्न तिथंच ठरलं, संदेशाची मिठाई नंतर खाल्ली.

आता भादुडीबाबू गल्लीभर सांगत सुटलेत, मराठी बाबूनं शुभ आणलं म्हणून. नळाला पाणीही येतं, दोन्ही वेळा.

तुम्ही असे बघू नका हो माझ्याकडे... बरं, सांगतो. एवढाच भाग बनवलेला आहे. पिल्लू पायरीवर आपणहून आलं नव्हतं. दुपारी ते जास्वंदीतच बसलेलं होतं, मजेत. मला वाटलं, बिचारं पोरकं, बोका खाईल, म्हणून मीच उचलून पायरीवर ठेवलं. कालिंदीला मात्र सांगू नका.

तसं लपवूनही उपयोग नाही. तिला तेव्हाच संशय आला होता.