तळ्याकाठची खुर्ची

…आणि वर मलाच म्हणतात, "बाबा, रिलॅक्स व्हा!" अहो, होऊ कुठं? खुर्ची दाखवा, आत्ता होतो!

तुम्हाला सांगतो, आमचा सौरभ नोकरीला जर्मनीत. मी आणि नंदा गेलो होतो त्याच्याकडं. तर शनिवार-रविवार त्याच्या ओळखीची सगळी पुण्याची पोरं मिळून निघाली एका तळ्याकाठी, होस्टेलवर. मी म्हटलं, होस्टेल? चौथीत शाळा सोडली ती सोडली, आता म्हातारपणी होस्टेलात घालतोस व्हय रे मला? तर सूनबाई, पूर्वा, म्हणते, "तसं नाही हो बाबा, तिथं काहीच करायचं नसतं. नुसतं रिलॅक्स व्हायचं." काही न करायला एवढ्या लांब जायचं! घरी काय मी खडी फोडत होतो?

पण नंदाला जायचं होतं. का, ते सांगतो. तिची सगळी हयात गेली मार्केट यार्डात, उकिडवं बसून कांदा निवडण्यात. गुडघे तिथंच गेले. कात्रजचं तळं घराजवळ, पण रोज बसच्या खिडकीतनं बघायचं आणि पुढं जायचं. एकदा म्हणाली, "अहो, मला एकदा पाण्यासमोर पाय पसरून बसायचंय. ऊठ म्हणणारं कुणी नको." बाई कधी काही मागत नाही. मागितलं तर हे. द्यायला नको?

तळं झकास हां, खोटं कशाला बोलू! काठाला झाड, झाडाखाली दोन लांबलचक आरामखुर्च्या. जवळ जातो तर दोन्हींवर काय? टॉवेल! माणूस नाही… नुसता टॉवेल पसरलाय! मी बाजूला करायला गेलो तर सौरभ ओरडला, "बाबा, हात नका लावू! जागा धरलीय."

"कुणी?"

"असेल कुणीतरी."

"मग कुठाय?"

"येईल हो! तुम्ही रिलॅक्स व्हा ना!"

येईल म्हणे! दुपार उलटली, चहा झाला, कुणाचा पत्ता नाही. माझी नंदा दगडी पायरीवर गुडघा चोळतेय आणि तिकडं टॉवेल रिलॅक्स होतोय! उन्हं उतरल्यावर आला एक उंच गोरा, बायकोला घेऊन. टेकल्यासारखं केलं आणि अंधार पडल्यावर टॉवेल उचलून गेला. बास! माझं टाळकंच सटकलं. जागा धरायची, ती मला शिकवता? अहो, स्वारगेटला एसटी अजून वळतेय तोवर खिडकीतनं रुमाल आत टाकणारा माणूस मी! एकदा घाईत रुमाल पडला तो ड्रायव्हरच्या सीटवर. तो म्हणाला, "काका, चालवा मग आता!" असो.

रविवारी उजाडलं तसा उठलो. एका खुर्चीवर रुमाल, दुसरीवर टोपी, आणि मी मधोमध उभा. आपल्यात रुमाल टाकला की माणूस मागं हजर असतो, यांच्यासारखं नाही. थोड्या वेळानं आला की गोरा, दोन टॉवेल खांद्यावर! मी म्हटलं, "जय भीम." त्यानं रुमाल बघितला, टोपी बघितली आणि काहीतरी बडबडला. तोवर सौरभ धावत आलाच, तोंड एवढंसं करून. "बाबा, तो म्हणतोय हा टॉवेल नाही, रुमाल आहे."

"त्याला सांग, रुमाल छोटा म्हणून हक्क छोटा नसतो!"

"बाबा, प्लीज! लोक बघतायत!"

"बघू दे. कालपासनं तुझी आई पायरीवर बसलीय, ते बघितलं का कुणी?"

मग होस्टेलची बाई आली, चष्मा नाकावर. तिनं काय निकाल द्यावा? टॉवेल नाही, रुमाल नाही, टोपी नाही… जो बसेल त्याची खुर्ची! मी धाडकन एकीवर बसलो. दुसरी मोकळी! गोरा दोन पावलांवर. आणि नंदा? लांब हिरवळीवर, काठी टेकत, पाखरं बघत येतेय! मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "नंदा! गाडी लागली!"

काय सांगू तुम्हाला! बाईनं काठी काखेत मारली, निऱ्या धरल्या आणि अशी सुटली… गोरा टॉवेल झटकतोय तोवर हिनं त्याच्या काखेखालनं जाऊन बूड टेकलंसुद्धा! पोरांनी टाळ्या, शिट्ट्या! गोऱ्याची बायकोसुद्धा टाळ्या वाजवतेय! आणि नंदानं पाय पसरले. लांब. पाण्याकडं बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "अहो… कुणी ऊठ म्हणत नाही." मी म्हटलं, "कुणी म्हणून तर बघू दे!"

मग आम्ही हललो नाही. पोरं म्हणाली, "काका, जेवायला चला." नाही! "काका, बोटीत चला." नाही! गोरा पायरीवर बसून भाजून लालबुंद झाला, तरी नाही! आता सौरभ सगळ्यांना अभिमानानं सांगतो, माझ्या आईबाबांनी दिवसभर खुर्ची सोडली नाही.

खरं सांगू? सुटतच नव्हती हो! ती खुर्ची इतकी खोल, आणि आमचे गुडघे हे असे… घुसलो ते घुसलोच! शेवटी त्या गोऱ्यानंच बगलेत हात घालून दोघांना उपसून काढलं, आणि आम्ही धड उभे राहतोय तोवर, मेल्यानं मागं टॉवेल टाकला!