आईने मागितलेली प्रार्थना

सुज्ञ वाचकहो, शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी ख्रिस्ती बहीणभावांत घडलेला संवाद येथे यथामती सादर करीत आहे. आई स्ट्रेचरवर होती; आत नेण्यापूर्वी मुलाने प्रार्थना म्हणावी, एवढीच तिची इच्छा होती.

“ताई, तूच म्हण. माझा देवावर विश्वास उरला नाही.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली.”

“मग दर रविवारी चर्चला येतोस तो?”

“आईला पायऱ्या चढवत नाहीत.”

“आणि रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून प्रार्थना म्हणतोस ती?”

“तिला वाईट वाटू नये म्हणून. आज नको. काही बरंवाईट झालं, तर तिच्याशी शेवटचं बोललो तेही खोटंच, असं व्हायचं.”

“खोटं कसलं? तिला माहीत आहे.”

“तू सांगितलंस?”

“तूच. पूर्वी गाडी चुकत असल्यासारखा उरकायचास. आता एकेक शब्द सावकाश म्हणतोस. ती तेव्हाच म्हणाली, याचा विश्वास गेला, आता हा माझ्यासाठी म्हणतो.”

“मग आज तुलाच म्हणायला का नाही सांगितलं?”

“मी विचारलं. म्हणाली, त्यालाच बोलाव, तू फार घाई करतेस.”

भाऊ स्ट्रेचरपाशी गेला. डॉक्टरांना दोनदा घड्याळ पाहावे लागले.

आपण वाचलेत, याबद्दल ऋणी आहे.

आपला नम्र,
स्ट्रेचरवाला मामा