भिंतीवरच्या चंद्राला ग्रहण

राजुऱ्याच्या तंबूतला तो चंद्रावर जायचा सिनेमा पाहिला ना गं तुम्ही? तोच सिनेमा मी आणि माझी मैत्रीण शकू, आम्ही दोघींनी घरी करून दाखवला होता. "तंबूपेक्षा भारी दाखवतो," असं शकू गावभर सांगून आली होती. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून अंगणात गोल आरसा धरायचं काम मी मागून घेतलं. आरशातलं ऊन खिडकीतून अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर पडलं की तो आमचा चंद्र. आतून शकू पुठ्ठ्याचा अग्निबाण त्याच्याकडे नेत होती.

अग्निबाण अर्ध्या वाटेवर असताना सूर्यावर ढग आला आणि भिंतीवरचा चंद्रच गेला.

"झाला का सिनेमा? तंबूत तं असं नाई झालं!" म्हणत खोलीत जमलेल्या बाया उठू लागल्या.

शकू रडकुंडीला येऊन खिडकीशी आली. "अवं, बोल ना काईतरी!"

खिडकीत तोंड घालून मी कसंबसं म्हटलं, "बसा ना! चंद्राले ग्रहण लागलं हाय!"

बाया खाली बसल्या. तंबूत अग्निबाण उडाला तेव्हाही शेजारच्या सरूकाकीचं फुटाणे खाणं थांबलं नव्हतं. तिने आता तोंडातले फुटाणे हातावर काढले.

"आधी नाई सांगाव का, पोरी?"

थोड्या वेळाने ढग सरकला, चंद्र परत आला. शकूने अग्निबाण उचलला, तशी सरूकाकी पदर खोचून उठली.

"ग्रहण सुटलं. मी आंघोळ करून येतो. तवर उतरू नका कोणी चंद्रावर!"