धनाजीचा सत्कार

हॅलो? … कोण, स्नेहल? बोल गं, फुलामावशीच हाय. … कसला फोटो? … धनाजीचा? शाल, फेटा… व्हय, व्हय, आमच्या शेजारचाच. गावच्या तरुण मंडळानं ‘शूरवीर’ केला त्याला. … का म्हंजे? भातखाचरात घोणस निघाली, ती धरली त्यानं.

… अगं ऐक ना. सत्कार झाला रविवारी, अन् सोमवारी त्याची बायको, ठकुबाई, तापानं फणफणली. भोरला दवाखान्यात ठेवली. घरात ऱ्हायला हा, अन् अंथरुणाला खिळलेला बाप. … सोनबाआबा गं. सहा वर्सं झाली, उजवी बाजू गेली. सगळं ठकुबाईच करती. … तेच तर. आबांनी अंथरूण खराब केलं, अन् शूरवीर नाकाला रुमाल लावून दारात उभा. मला बोलावलं, काकी, तेवढं करता का म्हणून.

… न्हाई केलं म्या. म्हनलं, मी सांगते, तू कर. … बादली धरून उंबऱ्यातच थांबला. घोणशीला न्हवता थांबला. … आबांनी भिंतीकडं तोंड केलं. लेकानं धुवायचं म्हंजे… डोळं भरलं व्हतं त्यांचं. ते बघून धनाजीनं रुमाल काढला. म्हनला, “आबा, मी हाय.” … केलं, केलं. निम्मं पाणी जमिनीवर, चादर उलटी. पर तीन दिस केलं.

… ते इचारलं की त्यानं ठकुबाईला दवाखान्यात, सहा वर्सं कसं केलंस म्हणून. ती म्हनली, “पैल्या दिवशी गोठ्यात जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी येळच न्हवता.”

… थांब, संपलं न्हाई. मंडळाला कळलं. आता दुसरा सत्कार. … ठकुबाईचा कुठला? धनाजीचाच. ‘आदर्श पुत्र’. बोर्डबी छापायला टाकला. … गेला ना तो अध्यक्षाकडं, कुंडलिककडं. म्हनला, करायचाच तर माझ्या बायकोचा करा. कुंडलिक म्हनतो, सून करतीच की, त्यात कसलं शौर्य.

… ठकुबाईनं? घरी आल्यावर मंडळाला निरोप धाडला, सत्कार ऱ्हाऊ द्या, सकाळी सातला चौघं या, आबांना उचलून उन्हात बसवायचंय. … व्हय म्हनले की सगळे. … आजच. … कुणीच न्हाई. एकाची गाडी पंक्चर, एकाची कंबर धरली.

… बसले की आबा. डोक्याकडनं ती, पायाकडनं तो. … मी? मी मधी व्हते. … बरं, ठेव आता. ऊन चढलं, त्यांना आत घ्यायचंय.