पाऊण तास खुर्चीत

ताई : बाबा, ती खुर्ची काढा बघू तिथून. ओव्हनच्या दाराला टेकवून का ठेवलीत?

बाबा : सणाचा केक करायचाय ना? मग खुर्ची लागणारच.

ताई : कशाला?

बाबा : कशाला म्हणजे? बसायला. बारक्या, माझी निळी रजई कुठाय रे?

बारक्या : बाबा, इथे घामाच्या धारा लागल्यात आणि रजई कसली मागताय?

बाबा : तुम्हा दोघांना काडीचं कळत नाही. राहू दे, मीच आणतो.

(बाबा आतल्या खोलीत जातात.)

ताई : बघितलंस? परवा चष्मा साखरेच्या डब्यात सापडला, आज ओव्हनपुढे रजई. आणि तू म्हणतोस, ते एकटे राहतील.

बारक्या : चष्मा मीपण हरवतो.

ताई : साखरेच्या डब्यात? हे बघ, सण झाला की सोमवारी वृद्धाश्रम बघायला जायचंय. फॉर्म माझ्या पर्समध्ये आहे. तुझी सही तेवढी राहिलीय.

बारक्या : मैदा किती घेऊ ते सांग आधी.

ताई : विषय बदलू नकोस.

बारक्या : बदलत नाही गं, गोंधळलोय. तुझं ऐकलं की तुझं पटतं, त्यांचं ऐकलं की त्यांचं. बाबांना तिथे करमेल का?

ताई : आणि इथे पडले-झडले तर? मी काय हौसेने करतेय का हे? रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या.

बारक्या : बरं बाई, ओरडू नकोस. आईची वही दे इकडे.

ताई : घे. आणि ती खुर्ची उचल आधी. मला रागच येतो तिचा. दर सणाला आई मर मर मरायची. लोणी फेसायचं तिनेच, मनुका निवडायच्या तिनेच, भांडी घासायची तिनेच. आणि हे महाशय पाठीशी रजई घेऊन ऐसपैस खुर्चीत! जागचे हलायचे नाहीत. पाणीसुद्धा हातात द्यावं लागायचं.

बारक्या : मला तर त्यांच्या गोष्टीच आठवतात. तो पोहता न येणारा खलाशी आठवतो?

ताई : गप्पा हाणायला पहिला नंबर त्यांचा.

बाबा : सापडली बघ रजई. उशाखालीच होती. हिची नीट चौघडी करा.

ताई : बाबा, एक सांगा. आज वार कोणता?

बाबा : आज? गुरुवार. नाही, थांब. परीक्षा घेतेस होय गं माझी?

ताई : नाही हो, सहज विचारलं.

बाबा : सहज विचारणाऱ्याचं तोंड असं नसतं.

बारक्या : ताई, एक मिनिट. हे काय लिहिलंय आईने? मैदा झाला, लोणी झालं, संत्र्याची साल झाली. आणि मग, "भांडं आत ठेवणे. ह्यांना खुर्चीत बसवणे, पाऊण तास. उठू देऊ नये."

ताई : काहीतरीच! दाखव.

बारक्या : तूच वाच. तिचंच अक्षर आहे.

ताई : "पाठीशी रजई देणे, चटका बसतो. बोलते ठेवणे, नाहीतर पेंगतात. मुलांना गोष्ट ऐकायला पाठवणे." बाबा, हे काय आहे?

बाबा : मग मघापासून मी काय घसा फोडतोय? त्या जुन्या ओव्हनच्या दाराची स्प्रिंग गेली होती. दुरुस्तीवाल्याने हात वर केले. वीट लावली, सरकली. टेबल लावलं, तेही सरकलं. मग तुझी आई म्हणाली, तुम्हीच बसा, तुमच्याइतकं जड या घरात दुसरं काही नाही.

बारक्या : म्हणजे तुम्ही दार धरून बसायचात?

बाबा : तर! जरा हललो की फट पडायची आणि केक मधोमध खाली बसायचा. एकदा शिंकलो, तर चार दिवस बोलली नाही माझ्याशी.

ताई : हे आम्हाला कधी सांगितलं का नाहीत?

बाबा : विचारलंस कधी?

ताई : मला वाटायचं, आई राबतेय आणि तुम्ही आराम करताय. चाळीस वर्षं मी हेच धरून बसलेय. नवऱ्याला सांगितलंय, मुलांना सांगितलंय. मग मी बघत काय होते?

बाबा : बघत होतीस ते खरंच होतं. मी बसलेलाच होतो.

ताई : पण आईला मदत...

बाबा : नाही केली. बाकी वर्षभर बोटसुद्धा उचललं नाही मी. त्याचा राग धर, हक्क आहे तुझा. त्या पाऊण तासाचा तेवढा सोड.

बारक्या : ताई, रडू नकोस गं. पिठात पडेल.

ताई : गप्प बस तू. बाबा, पण हा ओव्हन नवा आहे. चार वर्षांपूर्वी मीच आणला. याचं दार घट्ट लागतं.

बाबा : माहितीय मला.

ताई : मग खुर्ची का ठेवलीत?

बाबा : का बरं ठेवली? सकाळी ठेवताना काहीतरी होतं डोक्यात. आता सुटलं बघ.

बारक्या : ताई, त्या फॉर्मचं काय करायचं?

ताई : मला नाही कळत रे. मघाशी सगळं लख्ख दिसत होतं, आता काहीच कळत नाही. ते भांडं दे इकडे. आत ठेवते.

बाबा : ठेवलंस? लाव दार. हं, आता टेकतो मी.

बारक्या : बाबा, अहो, डोळे मिटू नका.

बाबा : नाही मिटत. तो खलाशी कुठवर आला होता रे?

बारक्या : मला नाही आठवत, बाबा.

ताई : बोटीत एक पाय ठेवला होता त्याने. दुसरा अजून धक्क्यावरच होता. बारक्या, सरक जरा, मला बसू दे. हं, बाबा, पुढे सांगा.